डाव्या अंगाची खाच

आधी आली ती हिरव्या पिशवीची बाई, पोलीस तिच्या मागून. पण हवालदारबाई म्हणतात, आजी, आधी नाव-पत्ता, मग कोण आलं ते. तर लिहा.

नाव वरच्या चौकटीत घेतलं आहे. गल्लीत मला शिक्केवाली आजी म्हणतात. वय चौऱ्याहत्तर, कागदोपत्री एकाहत्तर, ती माझ्या वडिलांची करामत. शिक्षण दुसरी. धंदा पूर्वी यजमानांच्या हाताखाली रबरी शिक्के कोरणे, सध्या घरीच. राहणार पोस्टामागची गल्ली, जिन्याखालची खोली.

समक्ष हजर राहून सांगते की, परवा सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी कपडे वाळत घालत होते. दारात माझ्याच वयाची एक बाई येऊन उभी राहिली, हिरवी पिशवी पोटाशी धरून. मला वाटलं, पत्ता चुकली. मी म्हटलं, "या, बसा. त्या खुर्चीवर नको, ती लंगडी आहे, पलंगावर बसा." बसली, पिशवी तशीच पोटाशी धरून. मागून हवालदारबाई आल्या आणि जन्म-मृत्यू नोंदीच्या कचेरीतले कारकून. आमचे हे जाऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून घरात एकदम तीन माणसं आली नव्हती. मला आनंद झाला हे कबूल करते. मी चहा टाकला.

कारकुनांनी एक दाखला पुढे केला. म्हणाले, "आजी, हा शिक्का ओळखीचा वाटतो का?" मी कागद खिडकीशी नेला आणि पाठीमागून उजेडात धरला. मला सुलट वाचायला वेळ लागतो, उलटं झरझर येतं, कारण अक्षरं मी शिक्के कोरतानाच शिकले. हे म्हणायचे, तुझी शाळा आरशात भरली होती. असो, हवालदारबाई म्हणतात मुद्द्यावर या.

मी म्हटलं, "अहो, हा तर माझ्या हातचा." आणि बोट ठेवलं. गोलाच्या कडेला, खाली डाव्या अंगाला, कणीएवढी खाच आहे. ती आमच्या घरची खूण. हे प्रत्येक सरकारी शिक्क्याला एक खाच ठेवायचे, कुठे ठेवली ते वहीत लिहायचे आणि कचेरीत फक्त साहेबांच्या कानावर घालायचे. कुणी नक्कल केली की नेमकी तीच चुकायची. त्यावरून एकदा चोर सापडला, यांना साक्षीला बोलावणं आलं, तेव्हा यांनी नवा सदरा शिवला होता.

कारकून म्हणाले, "आजी, आमचा शिक्का सहा वर्षांपासून यंत्रावर होतो. त्याला खाच नाही."

मला तेव्हाही उमगलं नाही. मी म्हटलं, "यंत्राला कुठली आलीय अक्कल." मग कोरण्यांचा डबा काढून दाखवला. मोतीबिंदू काढल्यावर हात कसा पुन्हा बसला तेही सांगितलं. बरंच सांगितलं. चहाला कुणी हात लावला नव्हता.

तेव्हा हिरव्या पिशवीची बाई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "त्या कागदावर मी मेले आहे."

पुढची हकीकत कारकुनांनी सांगितली. तिच्या पुतण्याने हा मृत्यूचा दाखला दाखवून तिचं घर आपल्या नावावर करून घेतलं. ती पेन्शन आणायला गेली तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, बाई, तुम्ही वारलात. तिनं विचारलं, कधी? त्यानं तारीख सांगितली. त्या दिवशी ती दातांच्या डॉक्टरकडे होती. हे ऐकून मला हसू आलं आणि मी हसले. ती हसली नाही.

मग हवालदारबाईंनी लिहायला घेतलं. शिक्का कुणी करून घेतला, यावर मी सोमवारी सांगितलं की एक अनोळखी इसम आला होता, उंच, मिशीवाला. असा कुणी इसम नाही. मिशी मी लावली.

शिक्का माझ्या नातीने मागितला. तिचं नाव वेगळ्या कागदावर दिलं आहे. ती कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज भरून देते. माझी मुलगी गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, मीच वाढवली. तीन महिन्यांपूर्वी ती एका कागदावरचा ठसा घेऊन आली. म्हणाली, "आजी, कचेरीतला शिक्का झिजलाय. साहेब म्हणतात, असा हात आता कुणाचा राहिला नाही." मी चार दुपारी खिडकीत बसून कोरला.

सोमवारी मी असंही सांगितलं की, कचेरीचं पत्र मागायचं माझ्या ध्यानात आलं नाही. ते खोडा म्हटलं तर बाई म्हणतात, खोडता येत नाही, खाली लिहू. तर लिहा. ध्यानात आलं होतं. हे पत्राशिवाय कोरणीला हात लावत नसत. पत्र वहीत चिकटवायचं, शेजारी शिक्क्याचा पहिला ठसा. चिकटवायला पत्र नाही हे मला दिसत होतं, म्हणून मी वहीच काढली नाही. पत्र मागितलं असतं तर ती गप्प झाली असती आणि हाताशी आलेलं काम गेलं असतं.

खोटा शिक्का करणारा आपली खूण ठेवत नाही, मग तुम्ही का ठेवलीत, असं बाईंनी आज विचारलं. नातीला त्या खाचेचं काही माहीत नाही. कोरून झाल्यावर शिक्का मला आवडला, म्हणून ठेवली.

नात आज सकाळी डबा घेऊन कामाला गेली. जाताना म्हणाली, "सोमवारी कोण आलं होतं गं? शेजारी विचारत होते." मी म्हटलं, तुझ्या आजोबांच्या ओळखीचे. मी इथे आले आहे हे तिला ठाऊक नाही. तिला आणायला जाल तेव्हा टेबलावरून उठवून नेऊ नका, सगळे अर्जवाले बघत असतात. बाई म्हणतात, आजी, हे जबाबात येत नाही. तरी लिहा.

कोरण्यांचा डबा आणि यांची वही सोबत आणून जमा केली आहे. वहीत शेवटचं पान कोरं आहे.

हे सगळं बाईंनी मला सावकाश, दोनदा वाचून दाखवलं. मी बोलले तसंच उतरलं आहे, मिशीसकट. कुणाचा दाब नाही. खालची सही माझी.

सोमवारी निघताना हिरव्या पिशवीची बाई उंबऱ्यात थांबली होती. म्हणाली, जिवंत असल्याचा कागद देणार आहेत, तो घेऊन येते, तुम्हीच बघून सांगा शिक्का खरा आहे का. कारकून म्हणाले, गुरुवारी आणतो यांना. गुरुवार उद्या आहे.