काळूरामची अर्जंट गाडी

—टायर काय बघताय, टायर मागच्याच महिन्यात बदललेत. आधी मागं चढा आणि आडवे व्हा. हसू नका, खरंच आडवे व्हा. चप्पल राहू द्या, देवघर नाय ते. पाय लांब होतात? झालं. अर्जंट मालाच्या धंद्यात गाडी अशी घ्यायची. खोका मावला नाय तर कोणीतरी कापून बसवील, माणूस कापता येत नाय. लोकांना वाटतं अर्जंट म्हणजे सारखं पळायचं. पळायचं तीन तास, आणि मग कुठल्यातरी कंपनीच्या गेटसमोर पडून राहायचं आठ तास, पुढचा फोन येईपर्यंत. प्रभाकरनं सांगितलं नसेल—तो दलाल, त्याला नुसतं अॅव्हरेज सांगता येतं.

तुमी खारघरचे ना, प्रणित? चांगलं ऑफिस सोडून ह्यात पडताय. बरं. मग ऐका, काळूराम फुकट सांगतो—मोठी गाडी घेऊ नका. मोठ्या गाडीला भरायला लोखंड लागतं, आणि कळंबोलीच्या बाजारातलं लोखंड ट्रकवाले उचलतात. आपला माल केवढा? एक बेअरिंग, एखादी मोटर, औषधाची चार खोकी. तळोज्यात मशीन बंद पडतं, मालक डोकं धरून बसतो, तेव्हा त्याला आपली आठवण होते. म्हणून बंद बॉडी—माल भिजला तर तुमच्या गळ्यात. बाजूला सरकता दरवाजा, कारण गेटवर वळायला जागा नसते. आणि भाड्याच्या गाडीची पिवळी नंबरपाटी, नायतर नाक्यावर हवालदार तुमचा सगळा अर्जंटपणा काढून घेतो. हे सगळं हिच्यात हाय. नऊ वर्षं झाली, माल पोचवायला एकदा उशीर नाय. कुठल्याही कंपनीत जाऊन विचारा.

विकतो कशाला? गुडघे. क्लच दाबून दाबून गुडघे गेले, दुसरं काय—घ्या ना फोन, मला कुठं घाई हाय. कापला? मघाशी पण कापलात. कोण, मिसेस? मग? ... 'काही अर्जंट नाही,' बोलताय. असं.

मी पण असंच बोललो होतो. निशाच्या, माझ्या मुलीच्या हळदीला. आमच्या आगरी लोकांत लग्नाला एक वेळ नाय आलात तरी चालतं, पण हळदीला नाय आलात तर जन्मभर बोलणी. दुपारी दोनला फोन आला—पुण्याच्या पलीकडं कारखान्यात पंप बंद पडलाय, त्याचं सील, गळती थांबवायची रिंग, आत्ताच्या आत्ता पायजे. हौसा, आमची बायको, दारात उभी राहिली. मी बोललो, हळद काय रातभर चालते, पंप थांबला तर कारखाना थांबतो. काय हिशोब बघा. माल वेळेत दिला, आणि येताना घाटात ट्रक आडवा. घरी पोचलो तेव्हा मांडवात खुर्च्या एकात एक घालून ठेवत होते. आमच्या घरात पोरीला पहिली हळद बाप लावतो. ती माझ्या भावानं लावली, दयारामनं. फोटोत तोच हाय. माझ्या वाटचं रडायचं, ते पण तोच रडला.

आणि ते सील—हे हौसाला नाय माहीत हां—वॉचमन बोलला, स्टोअर बंद झालं, ठेव इथं. चार दिवसांनी दुसरा माल घेऊन गेलो, तर माझा खोका तिथंच. वर लाल अक्षरात अर्जंट लिहिलेलं, त्याच्यावर वॉचमनचा चहाचा ग्लास. पंप त्यांनी जुन्याच सीलवर चालू केलेला. हौसाला कशाला सांगू? तिला वाटतं, कारखाना तरी वाचला. तेवढं राहू दे तिच्याकडं.

गुडघे? गुडघे तसे ठीक हायत. निशाला आता मुलगी झालीय, उरणला. हौसा दोन महिने तिकडंच बसलीय. तिचा निरोप आला—गाडी विका, मग बारशाला या. गाडी घेऊन आलात तर वेशीवरनंच परत.

घेतो बोलताय? एवढ्यात घेतो बोलू नका. आणखी दोन गाड्या बघा. हिचा तिसरा गिअर हट्टी हाय. मागचा दरवाजा पावसात गळतो—मघाशी नाय सांगितलं, आता सांगतो. आडवं झालं की डाव्या कुशीला एक खिळा लागतो, मला त्याची सवय हाय, तुमाला टोचेल. चावी? माझ्या मुठीत हाय, असू दे. प्रभाकर बोलला वाटतं तुमाला. हो, तुमी पाचवे. चौघांना मीच परत पाठवलं. एकाची मिशी नाय पटली.

काय बोललात? जरा मोठ्यानं बोला. ... मलाच विकायची नाय, असं बोलताय?

नाय. नाय विकायची. हिच्यात बसलो की फोन येतो, आणि कोणाला तरी मी लगेच पायजे असतो. आहो, साठीच्या माणसाला असं कोण बोलावतं? घरात मला कधी असं कोणी—नाय, खोटं कशाला बोलू. बोलावलं होतं. दारात उभी होती ती.

बारसं? ... आज हाय. चार वाजता. वाजले किती, अडीच? मग पोचतो की. उरण काय, तासाभराचं तर हाय.

तुमी जा आता, मी जरा हिच्यात आडवा होतो. फाटक ओढून घ्या जाताना. नाय, उघडं नका ठेवू—ओढून घ्या.