दारातलं अंथरूण

व्यसनमुक्ती दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या शिंपीणबाईंच्या शेजारी एक बहीणभाऊ बसले होते. भावाच्या दंडावर ताजी पट्टी होती.

"हे औषध कातडीखालून महिनोन्‌महिने झिरपत राहणार, ताई. नशा केलीच, तरी ती रक्तातच धरून ठेवणार. डोक्यात चढूच देणार नाही."

"म्हणजे आत पहारेकरी बसवलाय!"

"पण तो तुझ्यासारखा डुलक्या काढणारा नाही."

"अस्सं? मग रात्री नशेसाठी पळताना तुझा पाय कोणी धरला होता?"

"तूच. पण आता दारात आडवी झोपू नकोस. आतल्या खोलीत झोप."

"तिथे तुझं घोरणं ऐकू येत नाही."

"बरंच की!"

"बरं काय, मेल्या? ते ऐकलं की मगच मला झोप लागते."

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला. दोघांचं बोलणं ऐकण्यात गुंगलेल्या त्या उठल्याच नाहीत.

"मग मोठ्यानं घोरेन, ताई."