शून्य रेंजमध्ये आहे

आदरणीय अध्यक्ष तात्याराव सर, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या कमरजहां मॅडम, सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

कोथरूडच्या आपल्या कॉलेजात मॅडमनी गणित शिकवलं, हे सर्वांना ठाऊक आहे. मी एकच प्रसंग सांगतो. अध्यक्षांची परवानगी गृहीत धरतो, कारण तेव्हा विभागप्रमुख तेच होते.

अकरावीची वार्षिक परीक्षा. प्रश्न होता, एक्स भागिले, कंसात एक्सवर्ग अधिक एक, या फंक्शनची रेंज काढा. म्हणजे उत्तरादाखल कोणकोणत्या किमती मिळतात? एक्स खूप मोठा होत गेला की किंमत शून्याजवळ सरकते. शून्याची आडवी रेषा ही त्याची अ‍ॅसिम्प्टोट, म्हणजे आलेख लांब जाताना जिच्या जवळजवळ सरकत राहतो ती रेषा. म्हणून नमुना उत्तरात सरांनी शून्य वगळलं. वर्गातही तसंच शिकवलं होतं.

ऋतिका नावाच्या मुलीनं शून्य ठेवलं. तीन गुण गेले आणि ती दोन गुणांनी नापास झाली. घरी ठरलं, गणित सोडायचं. ती रडवेली होऊन स्टाफरूममध्ये आली.

"मॅडम, एक्सच्या जागी शून्य घातलं तर उत्तर शून्यच येतं ना?"

मॅडमनी घालून पाहिलं. "येतं. तुझं बरोबर आहे."

त्या थेट सरांकडे गेल्या. सर म्हणाले, "अहो, निकाल लागलाय. आता उत्तरपत्रिकांचे सगळे गठ्ठे कोण उघडणार?"

"मी."

सरांनी कागद ओढला, आलेख काढला. रेषा शून्यातून गेली, अर्ध्यापर्यंत चढली, मग शून्याकडे उतरत राहिली. डावीकडे तेच, उलटं.

"एक भागिले एक्सला शून्य कधीच मिळत नाही," मॅडम म्हणाल्या, "म्हणून आपण सगळ्याच फंक्शन्सना तो नियम लावला. अ‍ॅसिम्प्टोट लांबचं सांगते, सर. मधे काय होतं ते फंक्शनलाच विचारायला हवं."

"आणि ज्यांनी शून्य वगळलं त्यांचे गुण कापायचे?"

"नाही. त्यांनी आपण शिकवलं तेच लिहिलंय."

ऋतिका पास झाली, तिनं बारावीला गणित घेतलं. आणि त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी सर स्वतः वर्गात गेले आणि म्हणाले, "मी चुकीचं शिकवलं. वह्या काढा." अध्यक्ष हसताहेत, म्हणजे आठवलं.

संयोजकांचा आणि आपल्या सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. मॅडम, तुम्ही मात्र घेऊ नका. चुकलं असेल तिथे खूण करा.