तलवारीला विचारा, नांदते का

यमुनाबाईंवर अन्याय झाला तो वैशाखातल्या एका शुक्रवारी, गोरज मुहूर्ताला, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत. सतरा वर्षांच्या मुलीचं लग्न तलवारीशी लावलं आणि त्याला घराण्याची रीत म्हटलं. ऐका त्यांच्याच तोंडून.

माझं माहेर वाशी तालुक्यातलं, सासर ओढ्यापल्याडचं, दोन्ही घरं देशमुखांची, आन् शिवेवरच्या देवीच्या पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरनं दोघांची तोंडं फिरलेली. मग ठरलं, पोरगी द्या, सोयरे व्हा, खांदा मिळून द्या. नवरदेव हैदराबादला वकिली शिकत होते, त्यांनी कळवलं, मला विचारलं न्हाय, मी येणार न्हाय. काय सांगू तुम्हाला, त्यांच्या घरच्या मोठ्यांनी नवरदेवाच्या जागी त्यांची तलवार पाठवली! तिला मुंडावळ्या, तिला जरीचा शेला, ती पाटावर उभी राहिना म्हणून माझ्या दिरानं धरलेली. म्या हार घातला तर तो मुठीवरनं घसरून खाली. करवल्या खुसखुसल्या, अगं दाजी लई बारीक हायेत!

म्या हसले न्हाय.

सासरी नांदले बिननवऱ्याची, वर्षभर. पुढल्या जत्रंला हे आले. सासूबाई म्हणाल्या, जा, पाण्याचा तांब्या ने. हे खाली मान घालून म्हणाले, तुमच्यावर राग न्हाय, पण मला कुणी विचारलं न्हवतं. म्या म्हणले, मग मला कुणी विचारलं? यांनी तांब्या हातात घेतला. मग हळूच म्हणाले, आता विचारू? म्या म्हणले, हितं न्हाय, ज्यांनी तलवार पाटावर बसवली त्यांच्यापुढं विचारा.

आन् विचारलं की हो! पालखी पारावर टेकली, माझे आबा, मामंजी, दोन्ही गावं उभी, आन् हे म्हणाले, यमुनाबाई, माझ्यासंगं संसार करायची तुमची मर्जी हाय का? मामंजी कडाडले, लग्न लागलंय, आता कसली मर्जी? हे म्हणाले, तलवारीशी लागलंय, तिलाच विचारा, नांदते का. सगळा पार हसला. आबा दातओठ खात पुटपुटले, व्हय म्हण, पालखी अडलीय.

म्या म्हणले, आठ दिवस द्या.

सोयरीकच अधांतरी, मग मिळून खांदा देणार कोण? पालखी तिथंच थांबली, आठ दिवस! दोन्ही घरं पाया पडली, धमक्या दिल्या. हे मात्र रोज सांजंला ओट्यावर यायचे, हैदराबादच्या गमती सांगायचे, उत्तर कधी मागितलं न्हाय. तिथंच माझं मन बसलं. नवव्या दिवशी पारावर खणखणीत व्हय म्हणले, तेव्हा पालखी उठली.

आता यांचे दात गेले, माझे गुडघे गेले, तरी हे चहा ओतायच्या आधी विचारतात, घेणार का अजून घोटभर? देवी अशी जोडी सगळ्यांना देवो.

आन् वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात पोरीची सुपारी फुटली असंल तर आजच तिला एकटीला बसवा आन् विचारा. न्हाय म्हणाली तर, पत्रिका वाटून झाल्या असल्या तरी, लग्न मोडा.