रोडग्यांचं ऑप्टिमायझेशन

बाप्पा, मले अजून बी खरं वाटत नाही! ताईच्या होणाऱ्या सासरची मंडळी अकोल्याहून आमच्या शेतात रोडगे खायले आली. दादा हापिसात नुकताच ऑप्टिमायझेशन शिकलेला. गोवऱ्यांवर भाजाले ठेवलेले कणकेचे गोळे पाहून म्हणे, "एवढे बारके कावून? डबल मोठे करा, अर्ध्या गोवऱ्यांत काम होते. यालेच ऑप्टिमायझेशन म्हंतात."

आमी बी ऐकलं!

पंगतीत होणाऱ्या जावयानं पहिला रोडगा फोडला, तं वरून कोळसा अन् आतून कच्ची कणीक. बोटं चिकटली त्याची!

दादा हळूच म्हणे, "पण गोवऱ्या तं वाचल्या."

वहिनी कडाडली, "पंगत पाव्हण्यांसाठी होती का गोवऱ्यांसाठी? वाढा आता त्याच!"