दोन्ही खालच्या पट्टीतले

(मिशिगन. जुन्या गाड्यांचं प्रदर्शन, जुलैतली शनिवारची सकाळ. बॉनेट उघडलेली एक हिरवी गाडी, तिच्यात कमरेपर्यंत वाकलेले परीक्षक डॉ. हूकस्ट्रा. गाडीचा मालक लेनी प्रुचनिक शेजारी उभा. त्याची बायको बर्नाडीन घडीच्या खुर्चीत.)

हूकस्ट्रा : …शिक्का बघतो. म्हणजे हा हॉर्न खालच्या पट्टीचा. ठीक. आणि हा… हाही खालच्या पट्टीचा. मिस्टर प्रुचनिक, माझ्या आरशात काही गडबड आहे का हो?

लेनी : आरसा दातांचा दिसतोय.

हूकस्ट्रा : दंतवैद्यच आहे मी. शनिवारी गाड्या बघतो. हत्यारं तीच लागतात. आरसा, बॅटरी, आणि समोरच्याने गप्प बसणं.

बर्नाडीन : त्यातलं शेवटचं लेनीकडून मिळणार नाही, डॉक्टर.

हूकस्ट्रा : नियमपुस्तक, पान एकशे एक्केचाळीस. सत्तर सालच्या या गाडीला हॉर्न दोन. डावा वरच्या पट्टीचा, उजवा खालच्या पट्टीचा. दोन्ही एकदम वाजतात, तेव्हा कुठे तो कारखान्यातला आवाज होतो. तुमच्याकडे दोन्ही खालचे.

लेनी : माहीत आहे. सर्दी झालेल्या गाईसारखा वाजतो.

हूकस्ट्रा : माहीत आहे? आणि तरी तुम्ही गाडी ‘अस्पर्श’ गटात आणलीत? टायर, बॅटरी आणि इंजिनचे पट्टे सोडून काहीही बदललेलं चालत नाही इथे. मी हॉर्नपुढे फुली मारतो, वाईट वाटून घेऊ नका…

लेनी : मारू नका. बदलला नाही. मीच बसवलाय.

हूकस्ट्रा : तेच म्हणतोय मी. बसवला म्हणजे बदलला.

लेनी : कारखान्यात बसवला हो. जोडणीच्या लाइनवर. सत्तरच्या एप्रिलमध्ये. हॉर्नची जागा माझी होती. मिनिटाला एक गाडी यायची, दोन हॉर्न, दोन बोल्ट, एक वायर, की गाडी पुढे.

हूकस्ट्रा : थांबा हं. ही गाडी तुम्हीच बनवली?

लेनी : आम्ही तीन हजार जण होतो. माझे फक्त हॉर्न.

बर्नाडीन : ऐकताना वाटतं, बाकीच्यांनी हॉर्नभोवती उरलेली गाडी लावली.

हूकस्ट्रा : मग तुमच्यासमोर डबे दोन असतील ना? वरच्या पट्टीचा एक, खालच्याचा एक?

लेनी : दोन. डावीकडे एक, उजवीकडे एक. अकरा महिने चुकलो नव्हतो. पण त्या दिवशी माझीच गाडी आली. मीच नोंदवलेली, त्यामुळे सगळ्या लाइनला माहीत. छतावर कुणीतरी खडूनं लिहिलेलं, ‘पोलॅकची बायको’. पोलॅक म्हणजे मी, आमचं घराणं पोलंडचं म्हणून. सीटवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. मी त्यांच्याकडेच बघत होतो, डॉक्टर. त्यात एकाच डब्यात दोनदा हात घातला असणार.

हूकस्ट्रा : असणार? आठवत नाही?

लेनी : मला फक्त शिट्ट्या आठवतात.

हूकस्ट्रा : आणि पुढे कुणी तपासलं नाही?

लेनी : तपासलं की. वाजतो का, एवढंच. त्या गोंगाटात तुम्ही पट्टी ओळखून दाखवा.

हूकस्ट्रा : मोठीच पंचाईत आहे ही. आमचा नियम असा, की कारखान्याने बसवलं ते बरोबर. आणि बरोबर म्हणजे काय, तर कारखान्याने बसवायला हवं होतं ते. वीस वर्षं परीक्षण करतोय, ही दोन वाक्यं एकमेकांना कधी भेटली नव्हती.

लेनी : शेजारच्या त्या निळ्या गाडीला तुम्ही पैकीच्या पैकी दिलेत. सगळा रंग गेल्या वर्षीचा आहे तिचा.

हूकस्ट्रा : तो गट वेगळा. ती कारखान्यातल्यासारखी केली आहे. आतल्या पत्र्यावरच्या तपासनिसांच्या खडूच्या खुणासुद्धा जुन्या फोटोंवरून काढल्या आहेत.

लेनी : बघितल्या. डाव्या दारामागची खूण तपासनिसाची नाही. ‘जेवणानंतर मला उठवा’ असा त्याचा अर्थ.

हूकस्ट्रा : …ती पान त्र्याण्णववर आहे.

लेनी : असेल ना. आमच्या लाइनवरच्या व्हिकने सगळ्या गाड्यांवर काढली होती ती.

बर्नाडीन : डॉक्टर, त्या व्हिकची झोपसुद्धा नियमात बसली, आणि लेनीचा हॉर्न बसत नाही?

हूकस्ट्रा : बसवता येईल कदाचित. शेवटी परिशिष्ट आहे एक. ‘कारखान्याची सिद्ध चूक’. चूक लाइनवरच झाली असेल, आणि ज्याच्या हातून झाली त्याने तसं लिहून दिलं, तर गुण कापायचे नाहीत. उलट दुर्मीळ म्हणून नोंद करायची. आजवर कुणी भरलेलं नाही ते. गाड्या सापडतात, त्या बनवणारी माणसं सापडत नाहीत.

लेनी : भरलं तर गाडी गटात राहील?

हूकस्ट्रा : राहील काय! या गटात दुसरी उभीच राहू शकत नाही तुमच्यापुढे. वर्षभर संग्रहालयाच्या त्या नव्या दालनात काचेमागे.

बर्नाडीन : कारखाना पाडून गोदाम बांधलं ना, त्याच्या कोपऱ्यावर बांधलंय ते दालन.

लेनी : तीन हजार माणसं होती तिथे, डॉक्टर. आता आत गेलात तर खोकी आहेत. काहीतरी उभं राहू दे आमचं. आणा तो कागद.

हूकस्ट्रा : वाचतो. ‘मी, लिओनार्ड प्रुचनिक, शपथेवर लिहून देतो की, सदर वाहनाच्या जोडणीत डाव्या बाजूचा हॉर्न माझ्या हातून चुकीचा बसवला गेला. ही चूक सर्वस्वी माझी असून…’

लेनी : पेन.

बर्नाडीन : लेनी, सही करू नकोस.

लेनी : का? शब्द बरोबर आहेत की.

बर्नाडीन : शपथ आहे ती.

लेनी : खरं तेच लिहितोय. सगळ्या बारला माहीत आहे ते. तुझ्या भावाने माझ्या पन्नाशीला केकवर गाय काढून आणली होती.

बर्नाडीन : तू नाही बसवलास तो.

लेनी : मग कुणी?

बर्नाडीन : रोमनने.

लेनी : रोमन कधी कारखान्यात होता? रोमन बेकरीत होता.

बर्नाडीन : तेच ते. म्हणून तर चुकीचा बसवला.

हूकस्ट्रा : माफ करा, रोमन म्हणजे केकवाला भाऊ?

बर्नाडीन : हो. गेला तो चार वर्षांपूर्वी. लेनी, बस इथे. तू सत्तरच्या जूनमध्ये नॅशनल गार्डच्या सैनिकी सरावाच्या छावणीवर गेलास. दोन आठवडे. चावी माझ्याकडे ठेवलीस आणि म्हणालास, चालवायची नाही, फक्त धूळ पुसायची.

लेनी : मग?

बर्नाडीन : मी धूळ पुसायला चर्चच्या बिंगोला गेले.

लेनी : गाडी घेऊन?

बर्नाडीन : चर्चच्या मागे साखळी बांधायचे ते बुटके लोखंडी खांब होते बघ. त्यातला एक बंपरखालून आत शिरला. बाहेर ओरखडासुद्धा नाही. फक्त तो शंखासारखा हॉर्न चेपून फाटला. आपला साखरपुडा होऊन सहा आठवडे झाले होते, लेनी. तुझ्या आईला मी तशीही पसंत नव्हते. रोमन भंगारातून एक घेऊन आला. म्हणाला, हुबेहूब आहे, हॉर्न तो हॉर्न.

लेनी : हुबेहूबच दिसतात दोन्ही. शिक्काच काय तो वेगळा.

बर्नाडीन : आम्हाला काय माहीत शिक्के असतात ते.

हूकस्ट्रा : एक मिनिट. मागच्या अंगाला वर्षाचा शिक्का असतो. तो अजून वाचला नाही मी, आरशात उलटा दिसतो… आठ. सहा. म्हणजे अडुसष्ट. उजव्यावर सत्तर आहे. अर्थात, मिस्टर प्रुचनिक, एखादा हॉर्न डब्याच्या तळाशी दोन वर्षं पडून राहिला असं होऊ शकतं?

लेनी : एका पाळीत तीनदा डबा रिकामा व्हायचा, डॉक्टर.

हूकस्ट्रा : मी आपलं विचारून पाहिलं.

लेनी : सप्टेंबरात माझ्या भावाचं लग्न झालं. चर्चमधून हॉलपर्यंत वरात, सगळ्या गाड्या हॉर्न वाजवत. मी तोवर एकदाही वाजवला नव्हता, नवी गाडी, म्हटलं खराब कशाला करा. पहिल्यांदा दाबला आणि गाय हंबरली. सगळी वरात हसायला लागली. ‘लेनी, तूच बसवलास ना रे?’ तू शेजारी बसली होतीस.

बर्नाडीन : होते.

लेनी : रोमन मागच्या सीटवर होता. सगळ्यात जोरात तो हसला.

बर्नाडीन : घाबरला होता तो. मी तेव्हाच सांगणार होते. पण तू स्वतःच हसायला लागलास. म्हणालास, हो, माझाच हात. मग तो तुझा किस्सा झाला. दर नाताळाला सांगायचास, आणि चांगला सांगायचास. मला वाटलं, तुला आवडतो.

लेनी : अठ्ठ्याहत्तरमध्ये मला तपासनीस करत होते.

बर्नाडीन : आणि तू नाही म्हणालास. तपासनिसाच्या पांढऱ्या शर्टावर सॉसचे डाग दिसतात म्हणून.

लेनी : त्यासाठी कोण नाही म्हणतं, बर्नी?

बर्नाडीन : मग?

लेनी : स्वतःच्या गाडीत ज्याने चुकीचा हॉर्न बसवला, त्याने दुसऱ्याच्या कामावर खडूनं फुल्या कशा मारायच्या? फोरमनला हेच सांगितलं मी. तो म्हणाला, मूर्ख आहेस. मी म्हटलं, म्हणूनच तर.

बर्नाडीन : मला नाही सांगितलंस कधी.

लेनी : तू सांगितलंस?

हूकस्ट्रा : मी, ते… मी इतका वेळ बॉनेटखाली होतो. बाहेरचं काही ऐकू येत नाही तिथे. अडुसष्टचं आठ गंजलंय, ते शून्यही असू शकतं आणि सहाचं सात. परिशिष्ट तयार आहे. सही केलीत तर गाडी दालनात जाईल.

लेनी : आणि काचेखाली पाटी लागेल?

हूकस्ट्रा : अर्थात. ‘लाइनवरील कामगार एल. प्रुचनिक यांच्या हातून झालेली दुर्मीळ चूक.’

लेनी : फाडा तो कागद.

हूकस्ट्रा : नीट विचार करा. गटातून निघाली की ती ‘बदललेल्या’ गाड्यांत जाते. तिकडे, ज्वाळा रंगवलेल्यांच्या रांगेत. एकीला मागे शार्कचा पंख लावलाय.

लेनी : लावू द्या.

बर्नाडीन : लेनी, ही गाडी त्या दालनात जावी म्हणून तीन वर्षं तू…

लेनी : तू गप्प बस जरा. चोपन्न वर्षं जमलं ना, आणखी पाच मिनिटं जमव.

हूकस्ट्रा : मग शेऱ्यात लिहितो, ‘डावा हॉर्न बदललेला’.

लेनी : महिना घाला. जून. आणि त्याच्याआधीचं लिहा.

हूकस्ट्रा : त्याच्याआधीचं काय?

लेनी : की एप्रिलमध्ये डावीकडे वरच्या पट्टीचा होता. गाडी कारखान्यातून बरोबर निघाली होती.

हूकस्ट्रा : लिहिलं असतं हो. पण तो हॉर्नच नाही. जो चेपला तो वरच्या पट्टीचा होता की खालच्या, कशावरून? तुम्हाला आठवत नाही. तुम्ही तो कधी वाजवलाच नाही.

लेनी : नाही वाजवला.

हूकस्ट्रा : मग तो दोन पट्ट्यांत वाजलेला ऐकलाय कुणी?

बर्नाडीन : बोलू का?

लेनी : बोल.

बर्नाडीन : मी ऐकलाय. तू छावणीच्या बसमध्ये बसलास, आणि मी तुमच्या गल्लीच्या टोकापासून आमच्या दारापर्यंत गाडी हॉर्न वाजवत नेली. पाद्रीसुद्धा बाहेर आले होते बघायला.

लेनी : सगळा रस्ता?

बर्नाडीन : सगळा.

लेनी : कसा वाजायचा?

बर्नाडीन : बरोबर वाजायचा, लेनी.