हातांनी राखलेली हिरवळ

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्यापैकी निम्म्यांच्या दातांचा भार वाहणारे डॉक्टरसाहेब, पुस्तिकेच्या प्रकाशनासाठी मुद्दाम वेळ काढून आलेल्या कृषी महाविद्यालयाच्या प्राचार्याबाई, व्यासपीठावरचे माझे कार्यकारिणीतले सहकारी, आणि समोर बसलेल्या गृहोद्यान मंडळाच्या सभासद बंधुभगिनींनो,

बारा वर्षं या मंडळाची कार्याध्यक्ष राहून आज मी निरोप घेते आहे. चिटणीसांनी आत्ता माझ्याबद्दल जी विशेषणं वापरली, तेवढी मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवूनही कधी एका दमात ऐकली नव्हती. मानपत्रही त्यांनी सुरेख लिहिलंय. त्यात एक ओळ आहे: ‘रसायनाचा एक थेंबही न वापरता ज्यांनी आपली हिरवळ तणमुक्त राखली’. मला बोलायचंय ते त्या एका थेंबाबद्दलच. तोवर प्राचार्याबाईंना माझी विनंती आहे, की टेबलावरच्या पुस्तिकांच्या गठ्ठ्याची फीत कृपा करून कापू नये.

माझी पद्धत तुम्हाला पाठ आहे. गवत चार बोटं उंच ठेवायचं, म्हणजे त्याच्या सावलीत तणाचं बी सहसा रुजत नाही. पाणी रोज शिंपडायचं नाही, क्वचित द्यायचं पण खोल मुरेल असं. उघडी जागा दिसली की तिथे लगेच गवताचं बी टाकायचं, कारण रिकामी जागा तण आपल्याआधी बघतं. आणि रुंद पानांचं जे काही उगवेल, ते फुलावर येण्याआधी, ओल्या मातीतून, सोटमुळासकट खुरप्याने काढायचं. आंबुशी असो की घोळ, हात लागल्याशिवाय जात नाही, असं मी याच माइकवरून किती वेळा सांगितलं असेल?

आणि मास्तरीण असल्यामुळे मी मोजतही होते. तारेचं एक कडं केलं होतं. ते डोळे मिटून हिरवळीवर फेकायचं, आत जेवढं तण सापडेल ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या वर्षी सदतीस. दुसऱ्या वर्षी नऊ. मग तीन, दोन, तीन. त्या आकड्यांवर मला बक्षिसं मिळाली, व्याख्यानं मिळाली, आणि ही पुस्तिका झाली. आज तिची तिसरी आवृत्ती निघायची होती.

पाच आठवड्यांपूर्वी मी माझ्या बहिणीकडून परत आले. वर्षातून दोनदा मी तिच्याकडे चार-चार दिवस राहायला जाते. येऊन बघते तर हिरवळीच्या कडेला कुंडीत लावलेल्या टोमॅटोची नवी पानं वाटीसारखी आत वळलेली, देठ पिळवटलेले. नवीनच रोग दिसतोय म्हणून मी एक फांदी कागदात गुंडाळून बी-बियाण्यांच्या दुकानात नेली. दुकानदाराने चष्मासुद्धा वर केला नाही.

“रोग नाही हो बाई. रुंद पानांच्या तणावरचं औषध उडालंय. साहेबांना म्हणावं, वारा पडल्यावर फवारत जा. दर वेळी सांगतो मी त्यांना.”

मी म्हटलं, “दर वेळी?”

“वर्षातून दोनदा नेतात की,” असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

हे औषध गवताला सोडतं आणि रुंद पान तेवढं मारतं. म्हणून तर बारा वर्षं माझ्या हिरवळीवर एकही डाग दिसला नाही. मला आमच्या साहेबांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा, संशय यायचा प्रश्नच नव्हता.

घरी आले तेव्हा हे पेपर वाचत होते. मी ती फांदी पेपरवर ठेवली. हे काय, असं त्यांनी विचारलं नाही. पेपरची घडी घातली, चष्मा काढून पुसत बसले.

“पहिल्या वर्षी तुझे गुडघे सुजले होते,” ते म्हणाले. “जिना चढताना कठडा धरायचीस. मला बघवेना. एकदाच मारायचं असं ठरवलं होतं.”

“आणि मग?”

“मग तू कडं फेकलंस आणि नऊ आले. इतकी खूश झालीस, की सांगायचं राहून गेलं.”

बारा वर्षं राहून गेलं.

मंडळी, गैरसमज नको. माझा राग औषधावर नाही. त्यांनी मला तेव्हाच सांगितलं असतं, तर मी चार दिवस कुरकुर केली असती, डब्यावरच्या सूचना दोनदा वाचल्या असत्या आणि कदाचित हो म्हटलं असतं. माप पाळून, वारा नसताना, वाळेपर्यंत मुलाबाळांना दूर ठेवून पुष्कळ लोक ते वापरतात. माझा राग त्या वहीपायी आहे. दर वर्षी आकडा लिहिला की मी तो यांना वाचून दाखवायचे. हे मान हलवायचे आणि म्हणायचे, “यंदा दोनच?” ते ‘यंदा दोनच?’ मला अजून ऐकू येतं. लहान मुलाला मुद्दाम जिंकू देतात ना, तसं मला जिंकू दिलं. ज्याने मायेपोटी फसवलं त्याच्यावर रागवावं कसं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. आणि रागवल्याशिवाय राहवतही नाही. हे आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत. मी काय बोलणार ते त्यांना ठाऊक आहे. येताना गाडीत आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

पण फसवली गेलेली मी एकटीच असते, तर हे सगळं घरातच ठेवलं असतं.

कोपऱ्यावरच्या नर्सताई तुम्हाला आठवत असतील. इस्पितळातल्या पाळ्या सांभाळून त्यांनी दोन वर्षं माझी पद्धत पाळली. एकदा याच सभागृहात त्या उभ्या राहून म्हणाल्या, की बाई, तुम्ही सांगितलं तसं सगळं करते, तरी कड्यात वीस-पंचवीस येतातच. तेव्हा मी इथूनच म्हणाले होते, “ताई, हात अर्धवट चालला की तण ते लगेच ओळखतं.” सभागृह हसलं. मीही हसले. ताई पुन्हा सभेला आल्या नाहीत. दोन महिन्यांत त्यांनी हिरवळ उखडून तिथे फरशी घातली.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. त्या फरशीवर खुर्ची टाकून बसवलं त्यांनी मला. मी सांगू लागले, तर म्हणाल्या, की त्यांना ठाऊक होतं. सभेनंतरच्याच महिन्यात, मी बहिणीकडे गेलेली असताना, साहेब पाठीला पंप लावून फिरताना त्यांना गॅलरीतून दिसले होते.

“मग मला येऊन सांगितलं का नाहीत?” मी विचारलं.

“तुम्ही खरं मानलं असतंत?”

मी माफी मागितली. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “घरी येऊन माफी मागू नका बाई. बोललात ते सभेत.”

म्हणून प्राचार्याबाई, ती फीत कापू नका. पुस्तिकेतला सल्ला चुकीचा नाही. उंच गवत, खोल पाणी, वेळेवर बी, सगळं करत राहा, तण कमी होईल. पण नुसत्या हातांनी किती कमी होतं, ते मला माहीत नाही. बारा वर्षांत ते मी एकदाही मोजलेलं नाही. मानपत्रही मी चिटणीसांकडे परत देते. त्यांनी मनापासून लिहिलं, त्याबद्दल त्यांची आणि इतकी वर्षं सांभाळून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांची मी ऋणी आहे.

बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणून मी दर सभेत खाली बसत आले. खरं सांगायचं तर माझं काही चुकलंय असं मला तेव्हा कधीच वाटत नसे. आज नर्सताई ड्यूटीवर आहेत, इथे नाहीत. तरी जिथे बोलले तिथेच सांगते. त्यांच्या हातांत काही कमी नव्हतं. ज्या वीस-पंचवीसला आपण हसलो, तो या सभागृहात आजवर सांगितला गेलेला एकच खरा आकडा होता. माझे शब्द मी मागे घेते.